छाटलेली काडी आणि कलम: कर्कपेशीतलं स्प्लायसिंग आणि मायक्रोआरएनए

अबोली_मिरज
रविवार, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, फिश तपासणीचा (गुणसूत्रांचे ठराविक भाग चमकत्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आला. नेहमीच्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि पुढच्या तपासण्यांत सीएलएल निघालं. लिम्फोसाइट पेशींचा, सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. रिपोर्टला एक फोटो जोडलेला होता. काळ्याभोर पडद्यावर निळे गोल आणि गोलांत हिरवे-लाल ठिपके. प्रत्येक निळा गोल म्हणजे एका पेशीचं केंद्रक. गुणसूत्रं जोडीनं असतात म्हणून लाल ठिपके दोन हवेत. आण्णांच्या बऱ्याचशा पेशींत लाल ठिपका एकच होता. खाली लिहिलं होतं, १३क्यू१४ डिलीशन. १३व्या गुणसूत्राच्या एका प्रतीवरचा तुकडा गळालेला.

आण्णांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारलं, "अगं, त्या गळालेल्या तुकड्यात होतं काय?"

मी आरएनएवर काम करते. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते नीट सांगायला तासभर लागला. सांगता सांगता लक्षात आलं की मराठीत हे कुणी सलग मांडलेलं मला तरी वाचायला मिळालेलं नाही. म्हणून हा धागा.

त्या तुकड्यात काय आहे याचा शोध १९९० च्या दशकात बऱ्याच प्रयोगशाळा घेत होत्या. सीएलएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तोच भाग गळालेला, म्हणजे कर्करोगाला आवर घालणारं एखादं जनुक तिथे असणार, असा सरळ हिशेब होता. पण त्या हिशेबात बसेल असं, प्रथिन बनवणारं जनुक काही हाती लागेना. २००२ साली फिलाडेल्फियात जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटानं दाखवलं की तिथे दोन मायक्रोआरएनए आहेत: मिर-१५ए आणि मिर-१६-१. जेमतेम २२ अक्षरांचे आरएनएचे तुकडे. ते बसलेत डीएलईयू२ नावाच्या जनुकात. त्या जनुकापासून प्रथिन बनतच नाही. आणि जनुकातही ते आहेत इंट्रॉनमध्ये, म्हणजे पेशी जो भाग कापून टाकते त्या भागात.

माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट इथून सुरू होते.

डीएनएवरून आरएनएची जी पहिली प्रत निघते ती तशीच वापरात येत नाही. तिच्यात कामाचे तुकडे, एक्झॉन, आणि त्यांच्या मधले लांबलचक इंट्रॉन असतात. स्प्लायसोसोम नावाचं प्रथिनं आणि छोटे आरएनए यांचं मोठं यंत्र इंट्रॉन कापतं आणि एक्झॉन एकमेकांना जोडतं. हेच स्प्लायसिंग. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी अॅडिनोव्हायरसमध्ये हे स्वतंत्रपणे शोधलं, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए आणि त्याचं लक्ष्य यांची माहिती छापली. त्यांचं नोबेल यायला २०२४ उजाडलं.

मायक्रोआरएनए तयार होतो तो असा. आरएनएच्या लांब प्रतीत एक जागा स्वतःवर दुमडते, केसांच्या आकड्यासारखी. केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम डीजीसीआर८ या जोडीदाराबरोबर तो आकडा बुडाशी कापून मोकळा करतं. साधारण ७० अक्षरांचा आकडा मग केंद्रकाबाहेर येतो. तिथे डायसर त्याचं डोकं उडवतं. उरलेल्या २२ अक्षरांच्या जोडीतली एक बाजू आर्गोनॉट नावाचं प्रथिन उचलतं आणि तिच्या आधारानं इतर जनुकांचे संदेश, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना नेणारे आरएनए, शोधून ते दाबतं. मिर-१५ आणि मिर-१६ ज्यांना दाबतात त्यांत बीसीएल२ आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. बीसीएल२ पेशीला मरू देत नाही. दाबणारे गेले की म्हाताऱ्या लिम्फोसाइट मरायच्या वेळी मरत नाहीत, साठत राहतात.

हे सांगून झाल्यावर आण्णा म्हणाले, "म्हणजे ऑक्टोबर छाटणीसारखं झालं. छाटलेल्या काड्या आपण बांधावर टाकतो. पण त्यातलीच चांगल्या डोळ्यांची काडी निवडून ठेवली, तर डॉगरिजच्या खुंटावर कलम होतं."

मी इतकी वर्षं पोस्टरवर बाणांच्या आकृत्या काढतेय, पण इंट्रॉनमधल्या मायक्रोआरएनएचं वर्णन मला असं कधी सुचलं नव्हतं. माणसातले निम्म्याच्या आसपास मायक्रोआरएनए असे दुसऱ्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये आहेत. म्हणजे एकाच आरएनएवर दोन कात्र्या चालतात. ड्रोशाची आणि स्प्लायसोसोमची. कर्कपेशीत या दोन्ही कात्र्या बिघडलेल्या आढळतात. तरी आपण स्प्लायसिंगचा बिघाड वेगळ्या प्रकरणात शिकवतो आणि मायक्रोआरएनएचा वेगळ्या. माझं म्हणणं एवढंच आहे की ते प्रकरण एकच आहे. त्यावर इथे चर्चा व्हावी.

सोनटक्का
रविवार, रात्री १०.१५

अबोली, आण्णांना नमस्कार सांग. वाचताना एक शंका आली. मी बारावीनंतर जीवशास्त्र सोडलं, त्यामुळे चुकत असेन तर सांग. इंट्रॉनच्या मधोमध ड्रोशानं कापलं तर इंट्रॉनचे दोन तुकडे होणार. मग दोन्ही बाजूचे एक्झॉन जोडायचे कसे? दोरीच मध्ये तुटली ना?

अबोली_मिरज
रविवार, रात्री ११.०५

सोनटक्का, हीच शंका आण्णांनीही काढली: "आधी काडी काढायची का आधी छाटणी?"

२००७ मध्ये सोलमधल्या नॅरी किम यांच्या गटानं हे तपासलं. ड्रोशा हे आकडा कापणारं एन्झाइम आहे, हेही २००३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलं होतं. त्यांना दिसलं की ड्रोशानं इंट्रॉनमधला आकडा कापला तरी एक्झॉन व्यवस्थित जोडले जातात. बरेचदा ड्रोशा स्प्लायसिंग पुरं व्हायच्या आधीच कापून मोकळं होतं. कारण असं की स्प्लायसोसोमचे भाग इंट्रॉनची दोन्ही टोकं आधीच पकडून बसलेले असतात. दोन माणसांनी दोरीची टोकं हातात धरलीत, मधली दोरी कापली तरी माणसं एकमेकांच्या जवळच उभी आहेत. पुढच्याच वर्षी हेही दिसलं की डीएनएवरून आरएनएची प्रत उतरत असतानाच ड्रोशा कामाला लागलेलं असतं.

पण सगळीकडे असं सरळ घडतं असं नाही. दोन उदाहरणं देते, दोन्ही कर्करोगाशी जवळची.

पहिलं मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचं. त्वचेतल्या रंगपेशींत मेलास्टॅटिन नावाचं जनुक आहे, टीआरपीएम१. मेलानोमा पसरायला लागला की ते जनुक मंदावतं, म्हणून वर्षानुवर्षं त्यालाच कर्करोग रोखणारं मानत होते. २०१० मध्ये दिसलं की रोखायचं काम करतो तो त्याच्या इंट्रॉनमधला मिर-२११. मेलास्टॅटिन प्रथिनाकडे ते श्रेय चुकून गेलं होतं. त्यानंतर वर्षभरात आणखी एक गोष्ट कळली. त्या इंट्रॉनमध्ये ड्रोशाचं काम झालं की शेजारच्या एक्झॉनची जोडणी सुधारते, आणि इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक ओळखणारा यू१ हा स्प्लायसोसोमचा भाग तिथे बसला की ड्रोशा सहज येतं. तिथे दोघं एकमेकांच्या मदतीला आहेत.

दुसरं उदाहरण उलट आहे. एमसीएम७ जनुकाच्या १३व्या इंट्रॉनमध्ये मिर-१०६बी, मिर-९३ आणि मिर-२५ असे तीन मायक्रोआरएनए एका रांगेत आहेत. एमसीएम७ पेशी विभागताना डीएनएची नक्कल करायला लागतं, त्यामुळे बऱ्याच कर्करोगांत ते जोरात असतं आणि हे तिघंही त्याच्याबरोबर वाढतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या रूथ स्पर्लिंग यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की ड्रोशा आणि असे आकडे स्प्लायसोसोमच्या मोठ्या संकुलातच सापडतात. स्प्लायसिंग अडवलं तर मायक्रोआरएनए वाढतात, ड्रोशा कमी केलं तर स्प्लायसिंग वाढतं. इथे ओढाताण आहे.

त्यामुळे आण्णांना मी सांगितलं, बागेबागेवर अवलंबून. ते म्हणाले, "मग बरोबर."

दक्षिणवारा
सोमवार, सकाळी ७.२०

३१ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आम्ही शिकवायला लागलो तेव्हा इंट्रॉन म्हणजे टाकाऊ, असंच पुस्तकात होतं आणि आम्हीही तसंच फळ्यावर लिहिलं. पहाटे हा धागा वाचला आणि जुन्या वह्या काढून बसलो.

अबोलीताई, तुम्ही "एकच प्रकरण" म्हणता. पण एकाच आरएनएवर दोन यंत्रं चालतात एवढ्यानं प्रकरण एक होत नाही. एकाच रस्त्यावर एसटी आणि ट्रॅक्टर दोन्ही चालतात. यंत्रांचे सुटे भाग सामायिक आहेत का? तसा पुरावा असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

अबोली_मिरज
सोमवार, दुपारी १.३०

सर, अगदी मुद्द्याचं विचारलंत. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, पण यावर घाईत लिहिणार नाही.

सुटे भाग सामायिक आहेत. स्प्लायसिंगचे म्हणून ओळखले जाणारे बरेच प्रथिन-घटक ड्रोशाच्या कामातही हात घालतात.

एसआरएसएफ१ घ्या. कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता वगळायचा, हे ठरवणारं हे नावाजलेलं प्रथिन. २००७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्या एड्रियन क्रेनर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की ते प्रमाणाबाहेर वाढवलं तर साध्या पेशी कर्कपेशींसारख्या वागू लागतात. २०१० मध्ये त्याच प्रथिनाचं दुसरं काम पुढे आलं. मिर-७ चा आकडा कापायला ते ड्रोशाला मदत करतं, आणि या कामाचा स्प्लायसिंगशी संबंध नाही. पुढे तयार झालेला मिर-७ उलट एसआरएसएफ१ च्याच संदेशाला दाबतो. म्हणजे स्वतःचा लगाम ते स्वतःच घडवतं. मिर-७ ची एक प्रत एचएनआरएनपीके या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये आहे, आणि ते जनुकही आरएनए हाताळणाऱ्या प्रथिनाचंच. कर्कपेशीत ही साखळी एका जागी सैल झाली की स्प्लायसिंग आणि मायक्रोआरएनए दोन्ही एकदम हलतात.

दुसरं, एचएनआरएनपी ए१. हेही स्प्लायसिंगचंच प्रथिन. मिर-१८ए च्या आकड्याच्या डोक्याला ते चिकटतं आणि कापणं सोपं करतं, हे २००७ मध्ये दिसलं. मिर-१८ए ज्या सहा जणांच्या रांगेत आहे ती १७-९२ रांग १३व्या गुणसूत्रावरच, पण आण्णांच्या तुकड्यापासून दूर. काही लिम्फोमांत, म्हणजे लिम्फोसाइटच्या गाठींच्या कर्करोगांत, तो भाग गळत नाही, त्याच्या प्रती वाढतात. आता बघा, मिक नावाचं कर्कजनुक ही १७-९२ रांग चालू करतं. तेच मिक एचएनआरएनपी ए१ लाही वाढवतं, आणि वाढलेलं ए१ पायरुवेट कायनेज या एन्झाइमच्या स्प्लायसिंगमध्ये ९व्या एक्झॉनऐवजी १०वा घ्यायला लावतं. त्यातून पीकेएम२ बनतं, जे बहुतेक गाठींत सापडतं. एक मिक, एक प्रथिन, दोन्हीकडे काम. हे एकाच धाग्यात ओवणं माझं आहे, पण त्यातला प्रत्येक मणी स्वतंत्रपणे दाखवलेला आहे.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं, कारण ते आण्णांच्याच आजाराचं आहे.

२००५ मध्ये क्रोचे यांच्याच गटानं सीएलएलच्या ७५ रुग्णांचे मायक्रोआरएनए वाचले. ११ जणांत कुठे ना कुठे अक्षरबदल सापडले. त्यातल्या दोघांत मिर-१६-१ च्या जवळ एका सी अक्षराच्या जागी टी होता. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो बदल २२ अक्षरांच्या आत नव्हता. आकडा संपल्यावर काही अक्षरं पुढे होता. मायक्रोआरएनएचा मजकूर शाबूत, तरी तो पेशीत कमी तयार होत होता. असं का, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही.

२०१३ मध्ये डेव्हिड बार्टेल यांच्या प्रयोगशाळेनं ड्रोशा आपला आकडा कसा ओळखतं हे शोधताना एक खूण शोधली. आकड्याच्या बुडापासून १७-१८ अक्षरं पुढे सी, मग कोणतीही दोन अक्षरं, मग पुन्हा सी. त्या खुणेला जे प्रथिन पकडतं ते एसआरएसएफ३. स्प्लायसिंगच्याच घराण्यातलं, एसआरएसएफ१ चं भावंड. ते खुणेवर बसतं आणि ड्रोशाला आकड्याच्या बुडाशी आणून उभं करतं. आणि २००५ चा तो सी-जागी-टी नेमका या खुणेवर पडतो.

सर, स्प्लायसिंगच्या प्रथिनाची पकड सुटली म्हणून मायक्रोआरएनए कमी पडला, आणि हे सीएलएलच्या रुग्णांत दिसलं. तुम्ही मागितलेला सुटा भाग हा.

दक्षिणवारा
सोमवार, दुपारी २.१०

मान्य. माझा एसटी-ट्रॅक्टरचा दाखला मागे घेतो. इथे इंजिनच सामायिक निघालं. वह्यांच्या समासात तुमचं हे उत्तर उतरवून घेतलं आहे.

डॉ_शमी
सोमवार, रात्री ९.००

रक्तविकारांची डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. हा धागा वाचणाऱ्यांत रुग्ण आणि नातेवाईक असणार.

पहिली. १३क्यू१४ डिलीशन हे नाव ऐकून घाबरू नका. २००० साली जर्मनीतल्या उल्म इथल्या डॉक्टरांनी ३२५ सीएलएल रुग्णांचा अभ्यास छापला, आजही आम्ही त्यावरून शिकवतो. त्यात ५५ टक्के रुग्णांत हे डिलीशन होतं, आणि ज्यांच्यात हा एकच बदल होता त्यांचं आयुष्य सगळ्या गटांत सर्वांत लांब होतं, मध्यक १३३ महिने, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. तेही त्या काळातल्या औषधांवर. १७व्या गुणसूत्राचा तुकडा गेलेल्यांची परिस्थिती वेगळी होती. आजच्या औषधांनी तीही बदलली आहे. त्यामुळे रिपोर्टची एक ओळ वाचून निष्कर्ष काढू नका. टीपी५३ आणि आयजीएचव्ही या जनुकांच्या तपासण्यांसह सगळं चित्र तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

दुसरी गोष्ट थोडी दुरुस्ती म्हणून. अबोलीच्या लिखाणातून वाटेल की सगळा दोष त्या दोन मायक्रोआरएनएंचा. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उंदरांवर काम झालं. फक्त मिर-१५ए आणि १६-१ काढले तरी काही उंदरांना सीएलएलसारखा आजार झाला, म्हणजे दोष आहे हे खरं. पण डीएलईयू२ सकट मोठा तुकडा काढला तेव्हा आजार अधिक जोरात आला. रुग्णांतही कुणाचा तुकडा लहान असतो, कुणाचा मोठा, कधी शेजारचं, कर्करोग रोखणारं आरबी१ जनुकही जातं.

आणि जाता जाता, स्प्लायसिंगची बाजू सीएलएलमध्ये स्वतंत्रपणेही येते. २०११ मध्ये दोन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की सीएलएलमध्ये वरचेवर बदलणाऱ्या जनुकांत एसएफ३बी१ आहे. हे स्प्लायसोसोमचंच एक प्रथिन. निदानाच्या वेळी ते कमी रुग्णांत सापडतं, उपचारांची वेळ आलेल्यांत जास्त. त्याचं असणं आजार लवकर पुढे सरकण्याशी जोडलेलं आहे.

अबोली_मिरज
सोमवार, रात्री ९.४५

डॉक्टर, मनापासून आभार. पहिला परिच्छेद मी आण्णांना फोनवर वाचून दाखवला. १३३ चे वर्षं-महिने त्यांनी लगेच तोंडी केले.

दुरुस्तीही मान्य. उंदरांचा तो अभ्यास मी धाग्यात आधीच घ्यायला हवा होता.

एसएफ३बी१ बद्दल थोडं जोडते. इंट्रॉनच्या शेवटच्या टोकाकडे एक विशिष्ट ए अक्षर असतं, कापलेल्या इंट्रॉनचा फास तिथे बसतो. एसएफ३बी१ ती जागा पक्की धरून ठेवतं. ७००व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललं की पकड सरकते आणि स्प्लायसोसोम खऱ्या टोकाच्या दहा-तीस अक्षरं आधीच कापू लागतं. त्यामुळे कित्येक संदेशांत थोडीशी जादा अक्षरं घुसतात, वाचनाची चौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांनी वाचायचा क्रम, चुकते आणि पेशी ते संदेश नष्ट करते. म्हणजे एका रुग्णात एका बाजूनं इंट्रॉनमधले दाबणारे गळालेले आणि दुसऱ्या बाजूनं इंट्रॉन कापणारी कात्री सरकलेली, असं दोन्ही असू शकतं. हे दोन बदल रिपोर्टच्या दोन वेगळ्या पानांवर छापून येतात.

खडक
मंगळवार, सकाळी १०.३०

पंधरा वर्षं औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं हाताळली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

मायक्रोआरएनएवर २००५ नंतर केवढी आशा लावली गेली ते मी जवळून बघितलं. मिर-३४ए या कर्करोग रोखणाऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल, एमआरएक्स३४, रुग्णांना देण्याची पहिली चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया आल्या आणि मृत्यूही झाले. मिर-१६ ची नक्कल ऑस्ट्रेलियात मेसोथेलिओमाच्या (फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या) रुग्णांना दिली, जिवाणूंपासून बनवलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून. मूल्यमापन झालेल्या २२ जणांपैकी एकाची गाठ लहान झाली. स्प्लायसोसोम अडवणारं ई७१०७ हे औषध काही रुग्णांची दृष्टी बाधित झाल्यानं थांबवलं गेलं. अशा फायली वाचताना मी रात्री झोपू शकलेलो नाही. प्रत्येक आकड्यामागे कुणाचे तरी आण्णा असतात. मग ही दोन्ही क्षेत्रं एकत्र करून आपण गुंतागुंत वाढवतोय की रुग्णाला काही देतोय?

अबोली_मिरज
मंगळवार, रात्री ८.२०

खडक, दुखावलं अजिबात नाही. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मला त्यातून वेगळा अर्थ दिसतो. एमआरएक्स३४ मध्ये तयार मायक्रोआरएनए बाहेरून आणून ओतला. गाठीत तो कमी का पडला, हे त्या उपायाला माहीत असायची गरजच नव्हती. जनुक गळालं होतं? ड्रोशा थकलं होतं? एसआरएसएफ३ ची खूण पुसली होती? स्प्लायसिंगनं इंट्रॉन आधीच पळवला होता? चार वेगळी कारणं, चारांचा उपायही एक असू शकत नाही. काडी मिळत नाही म्हणून बाजारातून आणून कलम लावलं आणि खुंटच किडका निघाला, तर काडीला बोल लावता येत नाही.

गाठींमध्ये मायक्रोआरएनए एकूणच कमी असतात, हे २००५ मध्ये बऱ्याच प्रकारच्या गाठी तपासून दिसलं होतं. २००७ मध्ये उंदरांत ड्रोशा, डीजीसीआर८ किंवा डायसर कमी केल्यावर गाठी जोमानं वाढल्या. लहान मुलांच्या काही गाठींत तर बिघाड थेट या एन्झाइमांतच आहे. फुफ्फुसाच्या एका दुर्मीळ बालगाठीच्या कुटुंबांत डायसरचा दोष २००९ मध्ये सापडला, मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीत ड्रोशाचा २०१४ च्या सुमारास. तेव्हा हा बिघाड खरा आहे, आणि तो कुठे आहे हे शोधल्याशिवाय औषध अंदाजानं देणं होतं.

रुग्णाला काय मिळतं, याचं एक उत्तर सीएलएलमध्येच आहे. मिर-१५ आणि १६ गेले म्हणून बीसीएल२ वाढतं. त्या बीसीएल२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून सीएलएलमध्ये वापरात आहे. हे औषध मायक्रोआरएनएच्या शोधातून निघालं असं मी म्हणणार नाही, त्याचा रस्ता वेगळा होता. पण सीएलएलच्या पेशी बीसीएल२ वर इतक्या का विसंबतात, याचा एक भाग आपल्याला त्या गळालेल्या इंट्रॉनमुळे कळतो. आणि स्प्लायसिंग बदलणारं औषध माणसात चालतं, हेही त्याच २०१६ मध्ये नुसिनर्सेननं स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींच्या आजाराच्या (एसएमएच्या) बाळांत दाखवलं. ते क्रेनर यांच्याच प्रयोगशाळेच्या कामातून आलं. कर्करोगात तिथवर पोचायचं आहे.

आता एक प्रयोगशाळेतली गोष्ट सांगते, कारण मला खरी अडचण तिथे दिसते. पेशींतून आरएनए काढताना आम्ही गुलाबी ट्रायझॉल घालतो, मग क्लोरोफॉर्म, मग थंडीत जोरात फिरवतो. नळीत तीन थर होतात. खाली गुलाबी, मध्ये साईसारखा पांढरा पापुद्रा, वर पाण्यासारखा स्वच्छ थर. आरएनए त्या वरच्या थरात. पापुद्र्याला टोक न लावता तो उचलायला हात स्थिर लागतो. इथवर सगळे सारखं करतात. पुढे स्प्लायसिंगवाले तो नेहमीच्या गाळणी-किटमधून घालतात. त्यात २०० अक्षरांहून छोटे आरएनए गाळणीत थांबतच नाहीत, खाली निथळतात आणि ते निथळ टाकून देतात. मायक्रोआरएनएवाले लहान तुकडेच वेगळे करून वाचतात, लांब आरएनए बाजूला सारतात. नमुना एकच, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा विषय सिंकमध्ये ओततो. मीही सुरुवातीची तीन वर्षं तेच केलं. आता आमच्याकडे एकाच नळीतून दोन्ही जपायचा नियम केला आहे. नळीच्या झाकणावर निळ्या शाईनं "निथळ टाकू नये" लिहितो.

खडक
मंगळवार, रात्री ९.१०

निथळाची गोष्ट मला माहीत नव्हती. चाचण्यांत साठवलेल्या नमुन्यांचंही असंच होत असणार. किती नमुन्यांत अर्धी माहिती आधीच वाहून गेली असेल, हा विचार आता डोक्यातून जाणार नाही. उत्तराबद्दल आभारी आहे. आण्णांना माझ्याकडून शुभेच्छा.

टोरांटोकर
बुधवार, पहाटे ४.५०

इथे संध्याकाळ आहे. मी आकडेवारीचं काम करतो, जीवशास्त्र ऑफिसात शिकलो. अबोली, ज्याला दोन्ही हवं त्याला नवीन नमुने लागतीलच असं नाही. टीसीजीए या अमेरिकेतल्या, कर्करोगांच्या जनुकांची नोंद करणाऱ्या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांचे सुमारे ११,००० रुग्ण आहेत, आणि बहुतेकांच्या एकाच गाठीतून लांब आरएनए आणि मायक्रोआरएनए दोन्ही वाचलेले आहेत. दोन वेगळ्या फाइलींत पडून आहेत, इतकंच. सीएलएल त्यात नाही, तो स्पेनच्या गटाकडे आंतरराष्ट्रीय प्रकल्पात होता. पण मेलानोमा आहे. टीआरपीएम१ च्या इंट्रॉनचं स्प्लायसिंग आणि मिर-२११ हे एकाच रुग्णात बाजूबाजूला मांडता येईल. शनिवार-रविवार मोकळा आहे. करून बघू का?

अबोली_मिरज
बुधवार, सकाळी ६.३०

नक्की करा. टीआरपीएम१ चा ६वा इंट्रॉन बघा, मिर-२११ तिथे आहे. शेजारचे ५-६ आणि ७-८ हे जोडही मोजा, नाहीतर जनुकच मंदावलंय की तो एक जोड बिघडलाय हे वेगळं काढता येणार नाही. जमलं तर एमसीएम७ चा १३वा इंट्रॉनही घ्या. तिथे ओढाताण असेल तर दोन्हींची मापं उलट्या दिशेनं जायला हवीत. एसआरएसएफ१ आणि एसआरएसएफ३ चं प्रमाण तिसऱ्या रकान्यात ठेवा. एक काळजी घ्या: फक्त टोकाला शेपटी असलेले पक्के संदेश वाचलेत, त्यामुळे अर्धवट कापलेला इंट्रॉन त्यात क्वचितच दिसेल. जोड मोजणं जास्त भरवशाचं.

सोनटक्का
बुधवार, सकाळी ८.००

मी हे सगळं दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा खरंच कळलं. आण्णा कसे आहेत? औषध सुरू केलं का?

अबोली_मिरज
बुधवार, रात्री ९.१५

आण्णा बरे आहेत. औषध नाही, डॉक्टरांनी सध्या फक्त लक्ष ठेवायला सांगितलंय. गाठी नाहीत, हिमोग्लोबिन चांगलं आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. एसएफ३बी१ ची तपासणी आत्ताच करायची का, हे मी पुढच्या भेटीत विचारणार आहे. डॉ_शमी, तुमचं मत असेल तर तेही लिहा.

संध्याकाळी त्यांचा फोन होता. बागेत छाटणी चालू आहे. कलमासाठीच्या काड्या त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्यात आणि गड्यांना सांगून ठेवलंय की त्या ढिगाला हात लावायच्या आधी मला विचारायचं.